हांगझोऊला जाताना ऋतू नको, तारीख विचारा

२०२३ च्या ७ ऑक्टोबरला चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष क्रिकेटचा अंतिम सामना होता. भारताचा कर्णधार पुण्याचा ऋतुराज गायकवाड. अफगाणिस्तानच्या १८.२ षटकांत ५ बाद ११२ धावा झाल्या आणि पावसाला सुरुवात झाली. तो काही थांबला नाही. सामना रद्द झाला आणि मानांकन वरचे असल्यामुळे सुवर्णपदक भारताला मिळाले. बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने १ ऑक्टोबरला ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले ते याच शहरात. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी तिरंदाजीत चमकले तेही इथेच. हांगझोऊ हे नाव मराठी घरांत पोचले ते त्या पंधरवड्यात. आणि तो पंधरवडा म्हणजे, कोणतेही प्रवासपत्रक उघडून पाहा, या शहरात जाण्याचा ‘सर्वोत्तम काळ’.

‘मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर. हवा आल्हाददायक असते.’ हांगझोऊबद्दल हेच सांगितले जाते, बीजिंगबद्दल हेच, शिआनबद्दलही हेच. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. चीनच्या सहलींची चौकशी वाढू लागली, तसे हे वाक्य पुन्हा जिकडेतिकडे दिसू लागले आहे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या भरवशावर दोन वर्षे पैसे साठवून जाणाऱ्या कुटुंबाच्या पदरी नेमके सर्वांत वाईट दिवस पडू शकतात.

चूक सुरू होते ती तापमानाच्या तक्त्यापासून. चिनी हवामानशास्त्रात ऋतू कॅलेंडरच्या महिन्यांवरून ठरत नाही. सरासरी तापमान सलग काही दिवस १० अंशांच्या वर टिकले की वसंत, २२ च्या वर टिकले की उन्हाळा; उतरताना हाच हिशेब उलटा. या मापाने हांगझोऊत उन्हाळा मे महिन्याच्या उत्तरार्धात लागतो आणि सप्टेंबर संपत आला तरी रेंगाळतो. हिवाळा नोव्हेंबरअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. म्हणजे वसंताच्या आणि शरदाच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम दोन महिने आले. आता या चार महिन्यांवर चीनच्या सार्वजनिक सुट्ट्या मांडून पाहाव्यात. एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या स्मरणाचा छिंगमिंग सण, तीन दिवस. १ मेपासून कामगार दिनाचे पाच दिवस. १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाचे सात. मध्य-शरद पौर्णिमा त्याला जोडून आली तर आठ. घराबाहेर पडावेसे वाटेल अशा हवेतल्या जवळजवळ सगळ्या लांब सुट्ट्या या ‘उत्तम’ महिन्यांतच येतात. तक्त्यात तापमान दिसते, पाऊस दिसतो. माणसे दिसत नाहीत.

२०२५ साली मध्य-शरद पौर्णिमा ६ ऑक्टोबरला होती. त्याच रात्री आपल्याकडे कोजागरी होती. चीनमध्ये १ ते ८ ऑक्टोबर अशी आठ दिवसांची एकत्र सुट्टी होती. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराचे क्षेत्रफळ साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास. शांघाय वेगवान रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. सरोवराभोवतीच्या बहुतेक बागांना २००२ पासून तिकीट नाही. हा निर्णय शहराच्या मोठेपणाचा आहे, त्याचे कौतुकच करायला हवे. पण त्यामुळे सुट्टीच्या दिवशी माणसे मोजून आत सोडणारे फाटकही उरले नाही. सरोवराच्या ईशान्य कोपऱ्यात ‘तुटका पूल’ नावाचा एक कमानीचा दगडी पूल आहे. चिनी लोककथेतली श्वेतसर्पिणी मानवी रूपात आपल्या प्रियकराला भेटली ती याच पुलावर, असे तिथे सांगतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या पुलाचा दगड दिसत नाही. दोन्ही कठड्यांमध्ये माणसे खांद्याला खांदा लावून पुढे सरकत असतात. उलट फिरता येत नाही. पोलीस शिट्ट्या वाजवत रांग हलती ठेवतात. ज्याच्यासाठी आलो ते पाणी पुलाच्या मधोमध पोचल्यावर क्षणभर दिसते, आणि लगेच मागचा लोंढा पुढे ढकलतो. हवा मात्र आल्हाददायक असते, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे.

‘मार्च ते मे’ या शब्दांतही असाच घोळ आहे. मार्चचा पहिला आठवडा आणि मेचा शेवटचा आठवडा एकाच दावणीला बांधायचे कशाच्या आधारावर? मार्चच्या सुरुवातीला हांगझोऊत थंडी असते. आकाश भरलेले असते आणि दिवसच्या दिवस बारीक पाऊस पडत राहतो. मेअखेर अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात घाम येतो. चिनी पंचांगाने वर्षाचे २४ भाग पाडले आहेत, प्रत्येक साधारण पंधरा दिवसांचा. युनेस्कोने २०१६ साली या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मृग, आर्द्रा, हस्त अशा नक्षत्रांवर पावसाचा अंदाज बांधणाऱ्या मराठी शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. ज्या देशातले लोक शेकडो वर्षे पंधरवड्याच्या मापाने वर्ष जगत आले, तिथे जाताना तीन-तीन महिन्यांचे गठ्ठे घेऊन का जावे?

हे पंधरवडे किती खरे आहेत ते पाहायचे तर शहराच्या नैर्ऋत्येकडच्या चहाच्या टेकड्यांवर जावे. लोंगजिंग हा चीनमधला बहुधा सर्वांत नावाजलेला हिरवा चहा. छिंगमिंगच्या आधी, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धापासून ४-५ एप्रिलपर्यंत खुडलेला चहा सर्वांत महाग. २० एप्रिलच्या सुमाराला ‘धान्याचा पाऊस’ नावाचा पंधरवडा लागतो, त्याच्या आधीचा चहा दुसऱ्या प्रतीचा. नंतर भाव उतरत जातो. खुडताना एक कळी आणि तिच्याजवळचे एखादे कोवळे पान, एवढेच घ्यायचे. अर्धा किलो तयार चहासाठी अशा हजारो कळ्या लागतात. लोंगजिंग किंवा मेईजियावू गावात त्या दिवसांत अंगणाअंगणांत तापलेल्या खोलगट कढया मांडलेल्या असतात. कारागीर उघड्या तळहाताने पाने कढईच्या तळाशी दाबतो, कडेवरून वर ओढतो, हातात झेलून झटकतो, पुन्हा दाबतो. चमचा नाही, उलथने नाही. या दाबण्यामुळेच पाने सपाट, गुळगुळीत, तलवारीच्या पात्यासारखी होतात, आणि शेंगदाण्या-चेस्टनटकडे झुकणारा भाजका वास अंगणभर पसरतो. हे पाहायचे असेल तर मार्चचा शेवटचा आठवडा गाठावा, छत्री घेऊन, आणि छिंगमिंगची सुट्टी लागायच्या आत परतावे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोणी ‘वसंत’ म्हणून गेला तर हा सगळा खेळ आटोपलेला असेल. मात्र त्याच गावांत निवांत बसून नवा चहा प्यायला तो काळ कितीतरी चांगला, आणि खिशालाही परवडणारा. एकाच ‘उत्तम ऋतू’त बसणारे हे दोन वेगळे प्रवास आहेत. प्रवाशाने त्यातला एक निवडायचा असतो, आणि ऋतूचे नाव सांगून ती निवड होत नाही.

या सल्ल्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. कोणत्या ऋतूत काय पाहायचे याचे उत्तर हांगझोऊने स्वतःच सुमारे आठशे वर्षांपूर्वी दिलेले आहे, आणि सल्ला देणाऱ्यांनी ते वाचलेले दिसत नाही. दक्षिण सोंग राजवटीची राजधानी इथे असताना पश्चिम सरोवराच्या दहा देखाव्यांची यादी रूढ झाली. पुढे १६९९ च्या दौऱ्यात कांगशी बादशहाने ही नावे स्वहस्ते लिहून दिली, आणि त्यांचे शिलालेख आजही सरोवराकाठी उभे आहेत. सू बांधावरची वसंतातली पहाट. छूयुआन इथली वाऱ्यावर डोलणारी कमळे. निश्चल सरोवरावरचा शरदाचा चंद्र. तुटक्या पुलावरचे उरलेसुरले बर्फ. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा: यादी करणाऱ्यांनी चारही ऋतूंना जागा दिली, एकालाही वगळले नाही. उरलेल्या नावांत सूर्यास्त आहे, सांजवेळची घंटा आहे, ‘ढगांत घुसलेली जुळी शिखरे’ आहेत. त्या शिखरांसाठी तर आकाश ढगाळच हवे. लख्ख ऊन पडले तर तो देखावाच नाही. युनेस्कोने २०११ मध्ये हे सरोवर जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा या काव्य-चित्र परंपरेलाच महत्त्व दिले होते. अशा ठिकाणी फक्त निरभ्र आणि सुखद दिवस शोधत जाणे म्हणजे शहराने मांडलेल्या पानातले अर्धे पदार्थ न चाखता उठणे.

ज्याच्या नावाचा बांध आहे तो सू शी अकराव्या शतकातला कवी आणि प्रशासक. १०८९ मध्ये तो इथला मुख्य अधिकारी होऊन आला. शेवाळाने आणि गाळाने भरत चाललेले सरोवर त्याने उपसले, आणि त्या गाळातूनच सुमारे २.८ किलोमीटर लांबीचा बांध घातला. त्याआधी, दुय्यम अधिकारी म्हणून आला असताना, १०७३ मध्ये, त्याने सरोवरावरची आपली सर्वांत गाजलेली कविता लिहिली. ती आधी ऊन आणि मग पाऊस अशा दिवसाची आहे, आणि तीत उन्हातले पाणी आणि पावसातले डोंगर यांना त्याने सारखाच मान दिला आहे. श्वेतसर्पिणीच्या कथेतही नायक-नायिकेची ओळख होते ती पावसात, छत्रीच्या देवघेवीतून. पाऊस पडतो म्हणून हांगझोऊ टाळा, हे मराठी माणसाला सांगायचे कसे? आषाढ-श्रावणात जो आंबोलीला जातो, माळशेज घाटात धुक्यात उभा राहून कणीस खातो, त्याला पावसात डोंगर कसे दिसतात हे कोणी शिकवायला नको.

हिवाळ्याबद्दलचा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्यात तथ्यही आहे. जानेवारीची सरासरी पाच अंशांच्या आसपास असते. हवा दमट असल्यामुळे थंडी हाडांत शिरते. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून सरकारी मध्यवर्ती उष्णता-व्यवस्था हुआई नदी आणि छिनलिंग पर्वतरांग यांच्या उत्तरेलाच दिली गेली. हांगझोऊ या रेषेच्या दक्षिणेला. त्यामुळे बीजिंगमध्ये बाहेर उणे तापमान असले तरी घरात सदऱ्यावर बसता येते, आणि हांगझोऊत घरातही जाकीट चढवून बसावे लागते. वातानुकूलित हॉटेलात हा प्रश्न येत नाही. जुन्या चहाघरात, खानावळीत, देवळात येतो. दमेकऱ्यांनी आणि सांधेदुखीच्या रुग्णांनी जानेवारी टाळावा, हे मान्यच.

पण ज्यांची प्रकृती धडधाकट आहे त्यांनी झांग दाईची आठवण ठेवावी. मिंग काळाच्या अखेरचा हा लेखक. १६३२ च्या हिवाळ्यात तीन दिवस बर्फ पडल्यावर, सगळीकडे सामसूम झाली असताना, तो रात्री छोट्या होडीतून सरोवराच्या मधल्या मंडपाकडे गेला. आपणच एकटे वेडे, असे त्याला वाटत असावे. मंडपात पोचला तर दोन परगावचे लोक आधीच बसलेले, पोऱ्याने शेगडीवर मद्य तापत ठेवलेले. त्यांनी आग्रहाने त्यालाही पाजले. पुढे मिंग राजवट बुडाली, त्याचे सगळे वैभव गेले, आणि त्या दिवसांत त्याने हा अनुभव एका अगदी छोट्या लेखात लिहून ठेवला. चिनी मुले तो आजही शाळेत वाचतात. त्या लेखातले हांगझोऊ एप्रिलमध्ये दिसत नाही, ऑक्टोबरमध्ये तर नाहीच.

बर्फ मात्र हमखास मिळेल असे कोणी सांगू नये. वर्षाकाठी मोजकेच दिवस पडते, काही वर्षी नावापुरते. तुटक्या पुलाला ते नाव का पडले याचे एक स्पष्टीकरण या बर्फातच आहे: उन्हाच्या बाजूचे बर्फ आधी वितळते, सावलीतले राहते, आणि दुरून पूल मधेच तुटल्यासारखा दिसतो. ज्याची खात्री देता येते ती प्लमच्या फुलांची. जानेवारीअखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत गूशान बेटावर आणि वनस्पती उद्यानाजवळच्या लिंगफंग भागात ती फुलतात. गूशानवर लिन बू नावाचा कवी राहत असे, ९६७ ते १०२८ हा त्याचा काळ. लग्न केले नाही. प्लमची झाडे हीच बायको आणि करकोचे हीच मुले, अशी त्याची ख्याती. चिनी नववर्षाचा आठवडा सोडला, तर या दिवसांत त्याच्या बेटावर मोकळेपणी फिरता येते.

उन्हाळ्याची बाजू सर्वांत अवघड आहे, तरी तीही मांडायला हवी. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ‘प्लमचा पाऊस’ असतो. प्लमची फळे पिकण्याच्या दिवसांत पडतो म्हणून हे नाव. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. मग एकदम कडक ऊन. २०१३ च्या ऑगस्टमध्ये इथला पारा ४१ अंशांच्या वर गेला होता. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये चिनी शाळांना सुट्टी, म्हणजे उष्मा आणि गर्दी दोन्ही. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर हे दोन महिने सोडून द्यावेत. एकट्यादुकट्या प्रवाशासाठी मात्र बाराव्या शतकातल्या यांग वानलीची साक्ष काढता येते. सरोवराच्या दक्षिणेकडच्या चिंगत्सी मंदिरातून मित्राला निरोप देताना त्याने जी कविता लिहिली तिचे म्हणणेच हे, की सहाव्या महिन्यातले सरोवर इतर ऋतूंसारखे नसते. चांद्र सहावा महिना, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराचा. कारण अर्थातच कमळे. आणि कविता पहाटेची आहे, हे विसरू नये. आजही कमळे पाहायची ती पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत. नऊनंतर तिथे थांबण्यात अर्थ नाही.

शरदाच्या बाजूने नेहमी पुढे केली जाणारी दोन कारणेही तपासायला हवीत. पहिले छियानतांग नदीची भरती. हांगझोऊचा उपसागर तोंडाशी सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे आणि आत नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो. समुद्राचे पाणी त्यात कोंडते, नदीच्या तळाचा वाळूचा उंचवटा त्याला अडवतो, आणि पाण्याची उभी भिंत उलट्या दिशेने नदीत धावत येते. आठव्या चांद्र महिन्याच्या अठराव्या तिथीला हाइनिंगजवळ यानक्वान इथे हे पाहायला प्रचंड जमाव लोटतो. वर्षातली मोठी लाट त्या सुमाराला असते हे खरे. पण लाट त्या एकाच दिवशी येते, हा समज खोटा. ती चंद्राच्या ओढीवर चालते. दर अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-चार दिवसांत तिला जोर असतो. कोकणातल्या कोळ्याला उधाणाचे हे गणित पाठ आहे. शरदातल्या त्या तिथीला दहा रांगांच्या मागून टाचा उंचावून पाहण्यापेक्षा, दुसऱ्या एखाद्या महिन्यात पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी मोकळ्या कठड्याशी उभे राहून थोडी कमी उंचीची लाट पाहणे केव्हाही चांगले. मात्र आखून दिलेल्या जागेतच उभे राहावे. या लाटेने काठावरच्या बेसावध माणसांना ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत.

दुसरे कारण ऑस्मॅन्थसचे. इवल्याशा, पिवळट-केशरी फुलांचा हा वृक्ष. त्याचे फूल हांगझोऊचे शहरपुष्प आहे, आणि मानच्युएलोंग गावात त्याच्या सुगंधासाठी लोक खास जातात. पण ही फुले तारखेवर उमलत नाहीत. उन्हाळा उतरून हवा गार झाली की उमलतात. उन्हाळा लांबला की बहर पुढे सरकतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचे तिकीट काढलेल्याला फक्त हिरवी पाने पाहायला मिळतात.

आता मराठी कुटुंबाची अडचण. ऋतू निवडायचे स्वातंत्र्य त्याला असते कुठे? मुलांची परीक्षा संपायची, निकाल लागायचा, मग मे महिना. नाहीतर दिवाळीची सुट्टी. ‘आम्हाला कुठे मार्चमध्ये जाता येते’ हा प्रश्न रास्त आहे. गंमत अशी, की तारखेने विचार केला तर हेच वेळापत्रक सोयीचे ठरते. दिवाळी कधीही आली तरी ती चीनच्या ऑक्टोबर सुट्टीनंतरच येते. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा चीनमध्ये कोणतीही लांब सुट्टी नाही, हवा कोरडी आणि गार, आणि सरोवराच्या उत्तरेकडच्या रस्त्यावरचे चिनार पिवळे पडू लागलेले.

मेचा मामला मात्र जपून हाताळायला हवा. १ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन. अनेक शाळांचे निकाल त्याच सुमाराला लागतात आणि सहली त्याच दोन-चार दिवसांत निघतात. चीनच्या पाच दिवसांच्या सुट्टीचा आरंभही १ मेचाच. म्हणजे आपले लोक ज्या दिवशी उत्साहाने उतरतात, त्याच दिवशी अर्धे शांघायही सरोवराकाठी उतरलेले असते. आठ-दहा दिवस थांबले तर तेच शहर पूर्ण हिरवे आणि बरेच रिकामे मिळते. दुपारी पंचवीस-सव्वीस अंश तापमान, अधूनमधून एखादी सर. प्लमचा पाऊस अजून महिनाभर लांब असतो.

ही माहिती मिळवायला कोणाची ओळख लागत नाही. चीनचे केंद्र सरकार पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक आधीच्या वर्षअखेरीस, बहुधा नोव्हेंबरमध्ये, जाहीर करते. लांब सुट्टी भरून काढण्यासाठी आसपासचे कोणते शनिवार-रविवार कामाचे दिवस असतील, हेही त्यात दिलेले असते. त्या रविवारी चिनी माणूस कचेरीत असतो आणि सू बांधावर नेहमीची रविवारची झुंबड नसते. आपल्याकडे मेच्या सहलींची नोंदणी हिवाळ्यात सुरू होते, म्हणजे पत्रक छापायच्या आधी हे वेळापत्रक हाती असते. मुंबई-पुण्याच्या सहल आयोजकांनी ते एकदा समोर ठेवावे आणि ३० एप्रिलचे प्रस्थान १० मेवर न्यावे. ग्राहकांनीही नोंदणी करताना तापमान विचारण्याआधी त्या आठवड्यात चीनमध्ये सुट्टी आहे का, हे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.